इतिवृत्तात नसलेलं गाणं

सीडर गॅप, अलाबामा
६ एप्रिल १९७५, रविवार

प्रिय ओझेला,

नाताळच्या कार्डाशिवाय मी तुला बारा वर्षांत काही पाठवलेलं नाही. त्यामुळे पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या मनात आधी बाबांचाच विचार आला असेल. बाबा आहेत. हे पहिल्यांदा सांगते.

फेब्रुवारीत त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. आठवडाभर जीभ अडखळत होती, आता बोलणं बरंचसं पूर्वीसारखं आहे. दुसरा झटका कधीही येऊ शकतो असं डॉक्टर म्हणतात. मी दोनदा फोन केला होता. एकदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा तुझ्या नवऱ्याने, डॉइलने उचलला, तेव्हा मी त्याला तुमच्याकडे पाऊस कसा आहे एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. फोनवर माझं असंच होतं. कागदावर मी त्यातल्या त्यात बरी.

बाबांची जीभ मात्र शाबूत आहे. मॉडी काकू भोपळ्याचा केक घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "झटक्याला अक्कल असती तर त्याने हाताऐवजी माझा गळा धरला असता."

"तुझ्या गळ्याला झटकापण घाबरतो, होजिया," काकू म्हणाल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्यात, अजून ट्रेबल गाणाऱ्यांच्या पहिल्या बाकावर बसतात आणि अजून कोणाला तिथे बसू देत नाहीत.

शाळेतून आले की चार वाजता मी बाबांना चॅपलमधल्या वार्षिक गायनाची जुनी इतिवृत्तं वाचून दाखवते. त्यांनीच मागितली. १९३१ पासून सुरुवात केली, कारण त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा सूर लावून दिला होता. त्यात काय असतं ते तुला ठाऊक आहे: बाकांच्या मधल्या चौकात कोण उभं राहिलं आणि कोणत्या पानाचं गाणं घेतलं. बाकी काही नाही. पण मी पान म्हटलं की बाबा डोळे मिटून त्या गाण्याचा पहिला सूर गुणगुणतात, आणि मग त्या दिवशी कोणी काय खाल्लं, कोणाचा झगा खुर्चीच्या खिळ्यात अडकला, हे सगळं सांगतात. आता आम्ही १९५२ वर आहोत. दर वर्षी तुझं नाव येतं.

या वर्षीचं गायन एक जूनला आहे, नेहमीसारखं पहिल्या रविवारी. तू यावंस असं मला वाटतं. बाबांनी तसं म्हटलेलं नाही. पण तुझं नाव आलं की ते पान जरा जास्त वेळ गुणगुणतात. तू इतकी वर्षं का येत नाहीस ते मला कधी नीटसं कळलं नाही, पण जे काही असेल ते बाजूला ठेवून ये.

तुझी,
वेल्डा


२० एप्रिल १९७५, रविवार

प्रिय ओझेला,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. तू का येत नाहीस हे मला नीट माहीत आहे.

ते पत्र टाकून परत येतानाच मला हे डाचायला लागलं होतं, पण आपणहून कबूल करण्याइतकी मी चांगली नाही. मंगळवारी जे झालं त्यामुळे लिहिते आहे.

मंगळवारी आम्ही १९६३ वर आलो. ते वर्ष गाळावं असं मनात आलं होतं. गाळलं नाही ते प्रामाणिकपणामुळे नव्हे. बाबा सालं मोजतात. मी सकाळची गाणी वाचली, मग जेवणाची सुट्टी, मग पुढचं नाव.

"ओझेला राहिली," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"जेवणानंतर पहिलं तिलाच बोलावलं होतं. नवीन नवरा घेऊन उभी होती चौकात. वाच."

मी वहीत बघत म्हटलं, "ओझेला, पान एकशे बारा."

बाबांनी सूर गुणगुणला नाही. "एकशे बारा क्रीलने सकाळी घेतलं. तूच आत्ता वाचलंस. एका दिवसात एक गाणं दोनदा कधीपासून व्हायला लागलं आपल्याकडे? चष्मा पूस."

चव्वेचाळीस वर्षं सूर लावून देणाऱ्या माणसासमोर मी पान निवडलं तेही हे. इतकी साधी चूक आपल्या गावातलं शाळकरी पोरसुद्धा करणार नाही.

"नाहीये, बाबा," मी म्हटलं. "मी लिहिलंच नव्हतं."

"का?"

"ते आपल्या पुस्तकातलं गाणं नव्हतं. पान कुठलं लिहिणार?"

"तिला नाव होतं ना?"

मग त्यांनी ताकात कुस्करलेला कॉर्नब्रेड मागितला, डाव्या हाताने सावकाश खाल्ला, आणि गुरुवारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. गुरुवारी विचारलं, "तिला तू काय सांगितलंस?"

ओझेला, तू त्या वर्षी छापील इतिवृत्त बघून मला कार्ड पाठवलं होतंस. एकच ओळ होती: "माझं नाव बाबांनी काढायला लावलं का?" आणि मी उत्तर दिलं होतं: "बाबा कसे आहेत ते तुला ठाऊकच आहे."

ते वाक्य मी बारा वर्षं तपासते आहे. त्यात खोटं काही नाही, असं मी स्वतःला सांगत आले. बाबा कसे आहेत ते तुला ठाऊकच होतं. पण तू ते कसं वाचशील हे मला ठाऊक होतं, आणि तसंच वाचावंस म्हणून मी ते तसं लिहिलं. बाबांनी काहीही काढायला लावलं नाही. इतिवृत्त छापायला जाण्याआधी त्यांनी ते पाहिलंही नव्हतं. नाव मी गाळलं.

कारणही लिहिते. कारण म्हणजे सबब नव्हे, एवढं मला कळतं. तू सदतीस वर्षांची झाल्यावर लग्न करशील असं मी धरलंच नव्हतं. आई गेल्यावर आपण दोघी या घरात म्हाताऱ्या होऊ, आल्टो गाणाऱ्यांच्या बाकावर शेजारी बसू, एवढीच माझी पुढच्या आयुष्याची कल्पना होती. त्या दिवशी तू चौकात डॉइलच्या शेजारी उभी राहून त्याच्या सपाटीकडच्या लोकांचं गाणं गायलीस, त्यांच्या संथ चालीत, आणि मला तुझा आवाज ओळखू येईना. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. संध्याकाळी सचिव म्हणून इतिवृत्त लिहिताना तुझ्या नावापाशी लेखणी थांबली. पान नाही हा बहाणा आयता मिळाला. त्या दिवसाच्या माझ्या रोजनिशीत एवढंच आहे: "हवा छान. एकाहत्तर गाणी. ओ. आली होती." रोजनिशीतही मी खरं लिहिलं नाही.

बाबांना गुरुवारी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बारा वर्षं ती माझ्यावर रुसलीये, आणि मी तिच्यावर. आणि तू रोज आमच्या मधल्या खुर्चीत बसून कॉफी पितेस."



वेल्डा


४ मे १९७५, रविवार

प्रिय ओझेला,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. मला तू काही लिहिलं नाहीस ते बरोबर आहे. तू विचारलेल्या गोष्टींची उत्तरं:

बाबा स्वतःच्या हाताने जेवतात, डाव्या. मांस मी कापून देते. दाढी शेजारचा ओटिस येऊन करून देतो. काठी घेऊन ओसरीपर्यंत चालतात, पायऱ्या उतरत नाहीत. रात्री झोप लागते. रविवारी चॅपलला खुर्चीतून नेतो, चाकांची खुर्ची हा शब्द काढलेला त्यांना खपत नाही.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. बाबांनी सांगितलं नव्हतं तर मग ते तुझ्या गाण्यातून उठून का गेले? मलाही हे कधी कळलं नव्हतं. ते रागाने गेले असंच मी धरलं होतं, आणि मला ते सोयीचं होतं. काल मी तुझं कार्ड त्यांना पूर्ण वाचून दाखवलं. आता मी काही गाळत नाही.

त्यांचे शब्द जसेच्या तसे देते. "मला ते गाणं येत नव्हतं. बत्तीस वर्षं त्या खोलीत मी प्रत्येक गाण्याचा सूर लावून दिला होता. माझ्या पोरीचं गाणं सुरू आहे आणि सूर दुसऱ्याने लावलाय, आणि मी तोंड मिटून बसलोय. आपल्याकडे कोणी कोणाला गाऊन दाखवत नाही, सगळे गातात. ऐकत बसायचं कसं असतं ते मला माहीतच नाही. उठून विहिरीवर गेलो. पाणी प्यायलो. परत आलो तर ती गेलेली."

मी विचारलं, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं?"

मग काठी घेऊन ओसरीवर गेले आणि तिथून म्हणाले, "तिला लिही, ते गाणं पाठव म्हणावं. शब्द, सुरांचे आकार, चारही आवाजांच्या ओळी. एक जूनपर्यंत मला ते यायला पाहिजे."

ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला सपाटीच्या पुस्तकातलं गाणं शिकायचंय. मी हे तुला बोलावण्यासाठी गळ म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडं तसंही आहे. पण ते खरंच असं म्हणाले.

वेल्डा


१८ मे १९७५, रविवार

प्रिय ओझेला,

पुस्तक मिळालं. आत पत्र असेल म्हणून मी ते दोनदा झटकून पाहिलं. नव्हतं. त्या पानावर तू कपड्याची चिंधी घातली होतीस, ती तशीच ठेवली आहे.

पहिल्याच दिवशी मॉडी काकू आल्या आणि टेबलावर ते पाहून दारातच थबकल्या. "होजिया, हे काय घरात? आता पत्तेही खेळायला लागशील."

"बस आणि ट्रेबल म्हण," बाबा म्हणाले.

"माझा चष्मा नाही आणला."

"आकार बघायला चष्मा कशाला? त्रिकोण दिसतो ना? गोल दिसतो?"

"दिसतात. पण आपल्या त्रिकोणांसारखे दिसत नाहीत." तरी बसल्या. त्रिकोण सगळीकडे सारखाच असतो, त्रिकोण म्हणजे फा हा सूर, पण ते त्यांना अजून पटलेलं नाही.

आम्ही तिघं रोज चार वाजता बसतो. आधी आकारांची नावं गातो, मग शब्द. बाबांनी टेनरची ओळ दोन दिवसांत पाठ केली. अडचण वेगाची आहे. डाव्या हाताने ते ठेका देतात, आणि तो हात डोंगर उतरणाऱ्या ट्रकसारखा सुटतो. मी म्हटलं, सपाटीवर हे याच्या निम्म्या वेगाने गातात. "निम्म्या? मध्ये जेवायला थांबतात का?" काकू म्हणाल्या, "त्यांना चढ नाही ना, धावायची सवयच नाही."

मला आल्टो जमत नाही. चाळीस वर्षांत मला कधी ओळ वाचावी लागली नव्हती हे आता कळतंय. मी तुझ्या आवाजाला धरून गात होते, आणि तू गेल्यावर तुझ्या आठवणीला धरून. या पुस्तकातली आल्टो आपल्यासारखी एका सुरावर पाय रोवून उभी राहत नाही, ती हिंडते. काल प्रथमच शेवटपर्यंत पोचले. बाबा म्हणाले, "पोचलीस. पण वाटेत दोन माणसं तुडवलीस."

क्रीलची अडचण होतीच. तो अजूनही चेअरमन आहे. काल मुद्दाम आला. "होजिया, आपल्या चॅपलमध्ये आपलंच पुस्तक. हा नियम सदतीस साली तूच केलास."

"केला ना? मग मीच मोडतो. दुसऱ्या कोणी मोडला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो."

क्रील माझ्याकडे बघत म्हणाला, "आणि पुस्तकं कुठून आणणार साठ माणसांना?"

ती सोय मी केली आहे. शाळेच्या मशीनवर साठ प्रती काढल्या, जांभळ्या शाईत, आकार हाताने कापलेल्या स्टेन्सिलवर. चौकोन जरा तिरके आलेत. हेडमास्तरांनी विचारलं, इतिहासाच्या परीक्षेत हे कुठे येतं? मी खरं सांगितलं. ते म्हणाले, कागद तरी स्वतःचा आणा.

तू येणार आहेस का हे मी विचारत नाही. बाबाही विचारत नाहीत. रोज पोस्टमन आला की दोघं एकदम बाहेर बघतो.

वेल्डा


२८ मे १९७५, बुधवार

ओझेला,

थोडक्यात. परवा बाबांची जीभ पुन्हा जड झाली, दोन तास. मग पुन्हा मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, रविवारी घरीच राहा. बाबा म्हणाले, घरी मी सोमवारी राहीन.

एक गोष्ट ठरवली आहे, ती आधी तुला कळवते. सकाळी इतिवृत्ताचा विषय निघेल तेव्हा मी उभी राहून सांगणार आहे की १९६३ साली सचिवाने एक नाव जाणूनबुजून गाळलं, आणि सचिव मीच होते. तू असशील तरी आणि नसशील तरी. तुला ते चारचौघांत नको असेल तर तार कर. तुझं नाव वापरून स्वतःचं मन हलकं करायचा मला हक्क नाही, हेही मी विचारात घेतलं आहे. पण इथल्या लोकांना वाटतं तू गर्विष्ठ झालीस. तेवढं तरी दुरुस्त करायला हवं.

वेल्डा


८ जून १९७५, रविवार

प्रिय ओझेला,

तुम्ही जेवणाच्या वेळी पोचलात आणि शेवटच्या गाण्याआधी निघालात. त्यामुळे तुला अर्धाच दिवस माहीत आहे. बाकीचा सांगते.

तुझी तार आली नाही म्हणून मी सकाळी उभी राहून बोलले. दोन वाक्यं होती. खोलीत हातातल्या पुठ्ठ्याच्या पंख्यांचा आवाज थांबला. मला वाटलं कोणी काहीतरी बोलेल. क्रील म्हणाला, "नोंद घेतली," आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मॉडी काकूंनी बसल्या जागेवरून माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं की मान खाली जाते. दुपारी त्यांनीच माझ्या ताटात तळलेली भेंडी वाढली. मनासारखी शिक्षा कोणीच देत नाही.

मग तुम्ही आलात. बाबा झाडाखाली बसले होते, तू गाडीतून उतरून सरळ त्यांच्याकडे गेलीस. मी पुडिंगचं भांडं धरून लांब उभी होते. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही आणि मी बाबांना विचारलेलंही नाही.

चौकातलं तुला ठाऊक आहे, पण तू पाठमोरी होतीस. माझ्या बाकावरून जे दिसलं ते लिहिते. क्रीलने तुझं नाव पुकारलं, जांभळे कागद उघडले, आणि बाबांनी सूर लावला. थोडा वर लावला, सगळ्यांच्या लक्षात आलं, कोणी काही म्हटलं नाही. आकार गाताना त्यांचा डावा हात सुटला. टेनरचे सगळे बाक त्या हातामागे पळाले, सवयच ती. तुझा हात संथ, त्यांचा वेगात, आणि आम्ही साठ माणसं मध्ये फाटत चाललो. मला वाटलं आता तू थांबशील आणि ते पुन्हा विहिरीवर जातील.

तू तीन पावलं पुढे आलीस आणि त्यांचा डावा हात हातात घेतलास. आणि त्याच हाताने ठेका द्यायला लागलीस, खाली, वर, खाली, वर, तुझ्या वेगाने. बाबांनी पहिल्या दोन मात्रा जोर लावून पाहिला, मी बघितलं. मग सोडून दिला. मग त्यांच्या हाताने तुझ्या हातात वजन टाकलं आणि खोली त्या एका हातामागे चालू लागली. शब्दांना आलो तेव्हा बाबा गात होते. प्रत्येक शब्द गात होते. मॉडी काकू रडत होत्या आणि तरी चालीत पुढे धावत होत्या. मी आल्टोच्या ओळीत दोनदा चुकले. तू मागे न वळता मान किंचित हलवलीस, म्हणजे तुला ऐकू आलं.

गाडीपाशी मी क्षमा मागितली तेव्हा तू म्हणालीस, "आज नको, वेल्डा. मी अजून चिडलेय. आणि आमच्याकडे सगळं सावकाश करतात." डॉइल हसला. मी हसावं की नाही ते मला कळेना. परत येताना लक्षात आलं की तू मला नावाने हाक मारलीस.

सावकाश चिडून घे. मला घाई नाही.

ऑगस्टमधल्या तुमच्या गायनाला मी यायचं म्हणते आहे. शनिवारी निघेन. बाबांचा इतका प्रवास होणार नाही. मॉडी काकू दोन दिवस त्यांच्याकडे राहतील, दोघं एकमेकांना मारणार नाहीत अशी आशा आहे. तुझ्या शेजारी जागा मागत नाही. आल्टोचा मागचा बाक चालेल.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जा. पण गाताना आपला वेग सोडू नकोस. लोकांना कळू दे तू कुठली आहेस."

नुसतं हो म्हणणं सोपं होतं. ते इथे बसून राहणार, तिथे मी कशी गायले हे त्यांना कोण सांगणार? मी म्हटलं, "नाही बाबा. तिथे मी त्यांच्यासारखंच गाणार."

त्यांनी काठी ओसरीच्या कठड्याला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मग नीट गा."

तुझी,
वेल्डा